इंदूताईंचा सर्व्हर

निवृत्त माणसं दिवाळी अंकात लिहायला बसली की हमखास सांगतात, माझी आता कुणाबद्दल तक्रार नाही. माझी आहे. त्या तक्रारीचं नाव सतीश. तो रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो, तब्येत ठणठणीत आहे, केस अजून काळे आहेत आणि तो कलप लावत नाही, याची मी त्याच्या न्हाव्याला विचारून खात्री करून घेतली आहे.

आमचा धंदा काय होता ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मामांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तुम्ही मोबाइलवर एखाद्या दुकानाची वेबसाइट उघडता, तिच्यावर ऑर्डर देता. ती वेबसाइट हवेत नसते, कुठल्या तरी मशीनवर ठेवलेली असते. ते मशीन रात्रंदिवस चालू आणि रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेलं लागतं. त्याला सर्व्हर म्हणायचं. वेबसाइट बनवणारे लोक वेगळे. ती ठेवायची कुठे, केवढ्या मशीनवर, एकटी की चारचौघांत, हे ठरवून देणारे आणि ती पडली की उभी करणारे आम्ही. परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी आणि सतीशनं मिळून हे काम सुरू केलं. खालच्या मजल्यावर लग्नपत्रिका छापायचे, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी शाईचा वास यायचा आणि मग आम्ही दिसायचो.

गिऱ्हाइकाला समजावताना मी फ्रिजचं उदाहरण द्यायचो. सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक फ्रिज. खर्च वाटला जातो, पण शेजारच्यानं बोंबील ठेवले की तुमच्या श्रीखंडाला वास येणार, आणि त्याच्याकडे पाहुणे आले की तुमच्या दुधाला जागा उरणार नाही. दुसरी सोय, फ्रिज एकच, पण प्रत्येकाचा कप्पा वेगळा आणि कुलपाचा. तिसरी, अख्खा फ्रिज तुमचा. कुणाचा वास नाही, पण बिघडला तरी तो तुमचाच. चौथी सोय म्हणजे ज्याला आता सगळे क्लाउड म्हणतात ती. एखाद्या बड्या कंपनीचं शीतगृह असतं, त्यात लागेल तेवढी जागा भाड्यानं घ्यायची, सणासुदीला वाढवायची, सण संपला की सोडून द्यायची. फक्त तुमचा माल नेमका कुठल्या फळीवर आहे ते विचारायचं नाही.

हे उदाहरण माझं आहे. सतीश हल्ली ते व्याख्यानांत सांगतो आणि लोक खळखळून हसतात. मी सांगायचो तेव्हा लोक विचारायचे, फ्रिज कुठल्या कंपनीचा घेऊ?

आता कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली सोय द्यायची, यातच आमची सगळी विद्या. मी पहिला प्रश्न विचारायचो, तुमची गर्दी कधी असते? रोज थोडी थोडी की एकाच दिवशी? दादरच्या एका क्लासवाल्यांची साइट वर्षभर झोपलेली असायची आणि प्रवेशाच्या दिवशी तिच्यावर पालकांची झुंबड उडायची. त्यांना मी वर्षभर कुलपाचा कप्पा दिला आणि फक्त प्रवेशाच्या आठवड्यापुरतं मोठं मशीन लावून दिलं. साइट एकदाही पडली नाही. क्लासवाले इतके खूश झाले की स्वतः पेढे घेऊन आले. मी तेव्हा टेबलाखाली वायर शोधत होतो. पेढे त्यांनी सतीशच्या हातात दिले, त्याच्याबरोबर फोटो काढला आणि गेले. मला टेबलाखालून त्यांच्या चपला दिसल्या.

पण सतीशला काहीच येत नव्हतं असं म्हणायची माझी सोय नाही. गिरगावात वधूवर सूचक मंडळ चालवणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. दिवसाला पंचवीस माणसंही त्यांची साइट बघत नसतील, पण हट्ट एकच, मला अख्खं मशीन पाहिजे. मी त्यांना चांगलं अर्धा तास पटवून दिलं की तुम्हाला सामाईक फ्रिज भरपूर झाला, उगाच पैसे घालवू नका. खरं तेच सांगत होतो. ते तोंड पाडून उठले. सतीश त्यांच्यामागे जिन्यात गेला आणि एवढंच म्हणाला, "काका, तुम्हाला भीती कसली वाटते ते तर सांगा." ते म्हणाले, "अहो, लोकांच्या मुलींचे फोटो आहेत माझ्याकडे. शेजारच्या कप्प्यातून कुणी हात घातला तर?" सतीशनं त्यांना कुलपाचा कप्पा दिला. तीच सोय बरोबर होती. मी गर्दी विचारत बसलो होतो आणि त्यानं भीती विचारली. त्या दिवसापासून मी गर्दीनंतर भीतीही विचारू लागलो, पण दर वेळी विचारताना वाटायचं की मी त्याचा शर्ट घालून फिरतोय.

सांगायचं आहे ते इंदूताईंबद्दल.

इंदूताई मूळच्या मालवणकडच्या, राहायला दादरला. उन्हाळ्यात मालवणी मसाला आणि दिवाळीत फराळ, असा त्यांचा मोठा कारभार. माझी आई लालबागहून त्यांच्या स्वयंपाकघरात चकल्या पाडायला जायची. गिरणी बंद पडल्यावर बाबा घरी बसले, त्या काळात आमचं घर त्या चकल्यांवर चाललं. म्हणून मी हा धंदा सुरू केला तेव्हा आईनं इंदूताईंना सांगितलं, आणि इंदूताई माझ्या पहिल्या गिऱ्हाईक झाल्या. त्यांच्याकडे बघून दादर-परळमधली निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. पण ते सोडा. आई गेल्यावर मला अरेतुरे करून झापणारं माणूस इंदूताईच उरल्या होत्या. साइट जरा हळू उघडली की त्यांचा फोन यायचा, "अनंता, मेल्या, झोपलंस काय?" माझा दिवस चांगला जायचा.

त्यांच्यासाठी खरं तर कप्पा पुरला असता. पण इंदूताईंचं म्हणणं, माल डोळ्यांसमोर पाहिजे. "माझा मशीन खंय आसा ता माका दाखव," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र मशीन घेतलं आणि ते आमच्याच गाळ्यात, काचेच्या दाराच्या कपाटात, एसीखाली ठेवलं. जाणकार लोक याला वेडेपणा म्हणतील. मी त्या मशीनची रोज सकाळी कॉपी काढून ठेवायचो, महिन्यातून एकदा धूळ झटकायचो आणि त्याचे पंखे बदलायचो. त्याचा आवाज मला घरी झोपेतही ओळखू आला असता.

दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दसऱ्याला साचे बंद ठेवून, पुसून, हार घालून त्यांची पूजा करायचे, आम्ही पोरं नवे कपडे घालून बघायला जायचो. तीच रीत मी गाळ्यात आणली. अडचण एवढीच की साचा त्या दिवशी बंद असतो. सर्व्हर बंद करता येत नाही, आणि इंदूताईंचा तर मुळीच नाही, कारण दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी त्या दसऱ्याच्या मुहूर्तावरच घ्यायला सुरुवात करायच्या. म्हणून मी मशीनच्या वर एक बोट कुंकू लावायचो आणि हार कपाटाच्या मुठीला अडकवायचो. देवही खूश, मशीनही खूश.

मधल्या काळात सतीशनं भागीदारी सोडली. भांडण वगैरे झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. एके दिवशी चहा पिताना म्हणाला, "अन्या, आता कशाला स्वतःची मशीनं पोसायची? लोकांना शीतगृहातच जागा घेऊन देऊ. तू पण चल." मी म्हणालो, "माझी गिऱ्हाइकं आपली चीज दुसऱ्याच्या गोदामात ठेवणारी नाहीत." तो म्हणाला, "बरं," आणि शिवाजी पार्कजवळ एका खोलीत त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. त्या खोलीत एकही मशीन नव्हतं. एक टेबल, एक लॅपटॉप आणि खिडकीत मनीप्लांट. वर्षा-दोन वर्षांत त्याच्याकडे माझ्या दुप्पट गिऱ्हाइकं झाली. मी त्या इमारतीवरून जाताना वर बघायचो, दिवा चालू असला की वाटायचं, आणखी एक गिऱ्हाईक आलं, बंद असला की वाटायचं, बाहेर कुठे तरी सत्कार असेल. माझी बायको म्हणायची, "त्याच्यासारखं व्हायचंय का तुम्हाला?" मी नाही म्हणायचो. तो माझ्यासारखा व्हावा, एवढंच मला हवं होतं.

माझ्याकडे एक गोष्ट अशी होती जी त्याच्याकडे नव्हती. इंदूताई. त्या जोवर माझ्या गाळ्यात येत होत्या तोवर मी हरलो नव्हतो.

पूजेला इंदूताई दर वर्षी एकट्या यायच्या. सतीश वेगळा झाल्यावर काही वर्षांनी एका दसऱ्याला मात्र त्या एकट्या आल्या नाहीत. धंदा वाढला होता, सुनेनं जाहिरात चांगली केली होती. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांना घेऊन आल्या, नऊवारी नेसलेल्या, हातात पूजेचं ताट. आणि हार आणला होता तो झेंडूचा, नुकतं पाणी शिंपडलेला, ट्रकच्या तोंडाला घालतात तेवढा. मी मुठीकडे हात केला. इंदूताईंनी कपाटाचं दारच उघडलं आणि हार थेट मशीनच्या तोंडावर चढवला. हे मशीन समोरून हवा आत घेतं आणि मागून गरम हवा सोडतं. म्हणजे त्यांनी भक्तिभावानं त्याचं नाक दाबलं होतं.

मी हळूच हार बाजूला सरकवला. एका बाईनं तो पुन्हा नीट केला. मी पुन्हा सरकवला, तशी इंदूताई म्हणाल्या, "देवाक घातलेलो हार असो काढतत काय रे?" बायका माझ्याकडे बघू लागल्या. काय बोलणार? मशीनला श्वास घ्यायला त्रास होतोय हे सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मी एसी होता तेवढा थंड केला. बायकांनी पदर अंगाभोवती लपेटून घेतले. इंदूताई मात्र खुर्चीत ठाण मांडून सुनेच्या मोबाइलवर ऑर्डरी मोजत बसल्या. चकलीची आली, करंजीची आली, प्रत्येक ऑर्डरीला बायका माना डोलवायच्या. इकडे पंख्यांचा आवाज चढत चालला होता. मी मनात म्हणत होतो, ताई, आता उठा, घरी जा, मी हार काढतो.

तेवढ्यात आपट्याची पानं घेऊन सतीश आला. सोनं द्यायला तो दर दसऱ्याला यायचा, एवढंच त्याचं माझ्याकडे येणं उरलं होतं. त्यानं इंदूताईंना वाकून नमस्कार केला, त्यांच्या हातावर पानं ठेवली, आणि त्याच क्षणी कपाटातला आवाज थांबला. मोबाइलवर पांढरा पडदा आला. फराळाच्या ऑर्डरी मुहूर्तावरच बंद.

मी पुढे झालो, पण सतीश कपाटाजवळ उभा होता. त्यानं हार दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि मुठीला अडकवला. मग मशीन पुढे ओढून समोरची जाळी उघडली. आत पंख्यात झेंडूच्या पाकळ्या गुंडाळल्या होत्या आणि पाणी ठिबकून आतपर्यंत गेलं होतं. त्यानं पाकळ्या काढून मुठीत घेतल्या, मूठ खिशात घातली, आणि माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग तो वळून म्हणाला, "ताई, मशीन म्हातारं झालं होतं हो. त्याचा काय दोष."

ते मशीन म्हातारं नव्हतं. पण ते म्हातारं नव्हतं हे सिद्ध करायचं तर मग गेलं कशानं ते सांगावं लागणार, आणि समोर इंदूताई, बोटाला अजून कुंकू लागलेलं. सतीशनं एका वाक्यात त्यांना वाचवलं आणि त्याच वाक्यात मी म्हाताऱ्या मशीनवर गिऱ्हाईक ठेवणारा झालो. मला राग त्याच्या वाक्याचा आला नाही. ते वाक्य मला आधी सुचलं नाही, याचा आला.

"कॉपी कधीची आहे?" त्यानं विचारलं.

"सकाळची."

त्यानं लॅपटॉप उघडला, शीतगृहात जागा घेतली, माझी कॉपी त्यावर चढवली. बायकांचा चहा संपेपर्यंत ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. इंदूताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. उभं त्यानं केलं, पण कॉपी माझी होती. हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातला एक मी.

दिवाळीनंतर सुनेचा फोन आला, "अनंतकाका, आता सगळं सतीशकाकांकडेच ठेवतोय. चालेल ना?" मी म्हणालो, चालेल. निर्णय योग्यच होता, हेही इथे लिहून ठेवतो. ज्याची सगळी गर्दी वर्षातून दोन हंगामांत येते त्याला शीतगृहच योग्य. दुसरं कुणी विचारायला आलं असतं तर मीच तसा सल्ला दिला असता.

त्यानंतर इंदूताई गाळ्यात आल्या नाहीत. फोनही नाही. कुणी मला मेल्या म्हणायचं उरलं नाही. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंही गेली, काही सतीशकडे, काही दुसरीकडे. मी त्यांच्या साइट नीट बांधून, पुसून, कॉपीसकट पाठवल्या. मुलीला सासरी पाठवताना माणूस रडतो तरी, मी पासवर्ड लिहून देत होतो. पुढे गाळा सोडला. इंदूताईंना वाटतं मी त्यांना जुन्या मशीनवर ठेवलं, हा काटा मात्र तसाच राहिला. दादरला भाजी घ्यायला गेलो तरी त्यांची गल्ली टाळून जायचो.

यंदा सुनेनं घरी बोलावलं. इंदूताईंनी कारभार तिच्या हाती दिला, त्यानिमित्त जेवण होतं. पाहुणे बाहेर, इंदूताई आतल्या खोलीत पलंगावर, गुडघ्यांना तेल लावलेलं. मला बघून त्यांनी शेजारी बसवलं आणि हात धरला.

"अनंता, तुझो मशीन मियाच मारलंय मां रे?"

मी म्हणालो, "कोण म्हणालं तुम्हाला? म्हातारं झालं होतं ते."

"खोटा बोलू नको. सतीश इलो होतो दुसऱ्याच दिवशी. म्हणालो, ताई, काल बायकांसमोर मी खोटा बोललंय. मशीन चांगला होता, अनंतान पोरासारखा सांभाळलेल्यान. हारान गेला. त्याका दोष देऊ नकात."

मी विचारलं, "मग ताई, तुम्ही माझ्याकडून गेलात का?"

"लाज वाटली रे. तुझ्याकडे येऊन तुझोच मशीन मारलंय, परत खंयच्या तोंडान येऊ? आणि तू पण कधी इलंस नाय. माका वाटला, तू रागावलंस."

मी त्यांचा हात धरून बसलो. इतकी वर्षं त्या माझ्यासमोर यायला लाजत होत्या आणि मी त्यांच्यासमोर जायला. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "आता जेव जा, मेल्या. सोलकढी संपतली." मी बाहेर जाऊन जेवलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी तिखटावर ढकललं.

पण घरी येईपर्यंत दुसरंच काही तरी टोचायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाजी पार्कला गेलो. सतीश कट्ट्यावर बसून बूट बांधत होता.

"हाराचं तू इंदूताईंना सांगितलं होतंस?"

"हो. दुसऱ्या दिवशी गेलो होतो. तुझं नाव खराब होत होतं रे."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

तो बुचकळ्यात पडला. "त्यात काय सांगायचं, अन्या? मला वाटलं, त्याच बोलल्या असतील तुझ्याशी." मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बस, चहा घे. उगाच कशाला पोटात ठेवतोस?"

गोड खोटं माझ्या आधी त्यानं सांगितलं होतं. खरंही माझ्या आधी त्यानंच सांगितलं. आणि दोन्ही करून विसरूनही गेला होता. ज्याच्यावर मी इतकी वर्षं मनापासून जळलो, त्यानं माझं नाव धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं होतं. माणसानं इतकं चांगलं वागू नये. माझ्यासाठी म्हणून तरी त्यानं एकदा नीच वागायला हवं होतं.

निदान चहा तरी आपण पाजावा, म्हणून मी खिशात हात घातला. चहावाला म्हणाला, "राहू द्या काका, सतीशकाकांनी दिले."